टेम्पो कुठे पोचला?

लग्नाची पंगत खोळंबली होती आणि जेवणाचा टेम्पो अजून कुंभार्ली घाटातून यायचा होता. कालिंदीनं टेम्पो घेऊन येणाऱ्या नवऱ्याला पुन्हा फोन लावला.

"अहो, कुठे पोचलात?"

"घाट उतरलो, आलोच," जयवंतचा हसरा आवाज आला.

मघाशीही अगदी हेच, असंच हसून. एरवीचं 'अगं' त्यात नव्हतं. जयवंतनं फोन उचलला नाही, तर त्याच्या आवाजात बोलणारं यंत्र तिनंच त्यांच्या जेवणाच्या धंद्यासाठी घेतलं होतं. ग्राहकाला काळजीत ठेवायचं नाही, हे त्या यंत्राला तिनंच शिकवलं होतं.

"अहो, मी कोण बोलतेय?"

"आमच्या मोलाच्या ग्राहक," जयवंतचा आवाज आपुलकीनं म्हणाला. "अजिबात काळजी करू नका. आलोच."