घर पाहून राहिलो

“आजी, या घरात कोणी मेलं आहे का?”

जुईलीनं विचारलं. आईच्या हातातला मोजायचा टेप सर्रकन डबीत परत गेला. बाबा खिडकीची कडी लावून पाहत होते, त्यांचा हात कडीवरच थांबला. घरमालकीण कौशल्याबाई दाराला टेकून उभ्या होत्या.

प्रश्न खरं तर जुईलीच्या मैत्रिणींचा होता. सकाळी अमरावतीजवळच्या बडनेऱ्याहून गाडी सुटली तेव्हा तिनं हर्षाला आणि श्रावणीला बाबांच्या फोनवर आलेले या घराचे फोटो पाठवले होते. वरचा मजला, दोन खोल्या, झेपेल असं भाडं, शाळा पायी दहा मिनिटं, चार महिन्यांपासून रिकामं. लगेच हर्षाचा मेसेज आला. ‘एवढं चांगलं घर चार महिने रिकामं काहून? नक्की कोणीतरी मेलं असन. हिंमत असन तं विचारून दाखव.’ मागच्या वर्षीपर्यंत जुईलीचा ‘हजर’ पहिल्या बाकावरसुद्धा ऐकू जायचा नाही. यंदा ती वर्गाची मॉनिटर होती, आणि हिंमत हा शब्द निघाला की तिच्या अंगात वारं शिरायचं.

बाबांची अकोल्याला बदली झाल्यापासून, म्हणजे महिनाभर, दर रविवारचं हेच. गाडीत बसायचं, मूर्तिजापूर आलं की आईनं डबा उघडायचा, अकोल्यात उतरून उन्हात घरं पाहत फिरायचं. मधेच कोणाचा तरी फोन यायचा आणि बाबा मोठ्यानं सांगायचे, “घर पाहून राहिलो!” वऱ्हाडात याचा अर्थ एवढाच, की घर पाहणं चालू आहे. एकदा पुण्याच्या मावशीनं त्यावर अभिनंदनच केलं होतं. “अरे वा, पाहिलंत आणि लगेच राहिलातसुद्धा?” हातातली पोळी हातातच धरून तिघं पोट दुखेस्तोवर हसले होते.

तो पहिला रविवार होता. आता कोणी हसत नव्हतं. अकरा घरं झाली होती आणि अकरा वेळा बाबांनी जिन्यात एकच वाक्य म्हटलं होतं, “विचार करून कळवतो.” म्हणजे नाही. अमरावतीचं क्वार्टर सोडायला चार दिवस उरले होते. आज घर ठरलं नाही तर बाबा इथं एका खोलीत एकटे, आणि आई अन् ती अंजनगावला मामाकडे. एक वर्ष. जास्तही.

जुईलीला घरांचे नकाशे काढायचा नाद. पाहिलेलं प्रत्येक घर तिच्या चौकटीच्या वहीत उतरायचं, आणि त्यात तिचं टेबल कुठं राहील तिथं एक छोटा चौकोन. अकरा घरांचे चौकोन तिनं पेन्सिलीनं काढले होते. या घरातला मात्र, खिडकीखालचा, तिनं आल्या आल्या पेनानं काढून टाकला होता.

“मेले ना,” कौशल्याबाई म्हणाल्या. “माहे मालक. अन् इथंच.” त्यांनी बोट दाखवलं. खिडकीखाली वेताची जुनी खुर्ची होती. बरोबर चौकोनाच्या जागी.

“पेपर वाचून राहिले होते. मले म्हणे, चाय मांड. म्या खालून चाय घेऊन आली तं मान कलंडलेली. चाय गरमच होती.” त्यांनी पदर खोचला. “कोणी विचारलं का मी सांगतो. सांगितलं का लोक जिना उतरतात. सहा जणं उतरले. मंग लपवू का? माणूस घरातच मरन ना बाप्पा, का पाण्याच्या टाकीवर जाऊन मरन?”

एरवी जुईली यावर खोखो हसली असती.

“त्या खोलीत झोपणार कोण?” आई बाबांच्या कानाशी पुटपुटली. ते सगळ्यांनाच ऐकू आलं.

बाबांनी कडी सोडली. रुमालानं मान पुसली. “घर छान आहे, आजी. विचार करून कळवतो.”

बारावं.

घर हातचं गेलं होतं आणि ते जुईलीनंच घालवलं होतं, हर्षाच्या एका मेसेजपायी. तिनं वही उघडली. पेनाचा चौकोन खोडरबरानं जाणार नव्हता. ती तशीच पुढं गेली आणि खुर्चीत बसली. वेत करकरला.

“जुईली! ऊठ तिथून!” आई ओरडली.

ती उठली नाही. तिनं पाय खुर्चीखाली घेतले. “आजी,” ती म्हणाली, “चाय मांडता का? मी इथंच बसते. कुठंच जात नाही.”

कौशल्याबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. मग गुडघ्यावर हात ठेवत एकेक पायरी खाली गेल्या. खाली स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. बराच वेळ गेला. मग कपबशी किणकिणत पायऱ्या चढू लागली. शेवटच्या पायरीवर थांबली. पुन्हा निघाली.

जुईलीनं दोन्ही हातांनी कप घेतला आणि एक घोट प्यायली.

“गरम आहे,” ती म्हणाली.

कौशल्याबाईंनी मान वळवली आणि पदरानं खिडकीची धूळ पुसायला घेतली. तिथं धूळ नव्हती.

तेवढ्यात बाबांचा फोन वाजला. अंजनगावहून मामा. “काय करून राहिले, भाऊजी?” एवढं सगळ्यांना ऐकू आलं.

“काही नाही, घर पाहून...” बाबांचं वाक्य पुढं सरकेना.

जुईलीनं कप बशीत ठेवला.

“या खोलीत मी झोपणार. मामाले सांगा बाबा, आई तू पण ऐक. महिनाभर आपण घर पाहून राहिलो. आता राहून पाहू.”