ठेच्याची भाकर

खुशालरावांनी ज्वारीची भाकर मोडली, तुकड्यावर बोटभर ठेचा थापला आणि साखळीला बांधलेल्या भुऱ्यापुढे धरला. भुऱ्या आधी ओठ वर करून मागे सरकला. पण कालपासून पोटात काही नव्हतं. त्यानं घास गिळला, तो ठसकला आणि जीभ मातीवर घासू लागला.

"बाबा, मुकं जनावर आहे ते." आरती दारात उभी होती. तीन वर्षांच्या लेकीला, ओवीला, तिनं आत सासूजवळ बसवलं होतं.

"मुकं घेऊन काय करू? संत्र्यात रानडुकरं घुसून राहिले." सासरे हसले. "ठेचा खाल्ला का कुत्रं तिखट होते. अमरावतीच्या कॉलेजात नसन शिकवत हे."

"नाही शिकवत, म्हणूनच विचारते. घरच्या कोणाला चावला तर?"

"घरच्याले कायले चावते? घरचं माणूस ओयखते ते."

तीन आठवडे हेच चाललं होतं, आणि तीन आठवडे आरती दारातून बघत होती. पहिले काही दिवस भुऱ्या भाकरीकडे बघायचा. मग तो बोटांकडे बघू लागला. रस्त्यानं कोणी गेलं तरी तो मान उचलत नसे. भाकर घेतलेला हात पुढे आला, की मात्र त्याचा ओठ वर जाई. तिनं नवऱ्याला, नितेशला, सांगून पाहिलं. "लय इचार करू नको," म्हणून तो अचलपूरला कामावर निघून गेला होता.

आणि ओवीला एका जागी बसून जेवायची सवय नव्हती. मुठीत तुकडा घेऊन ती अंगणभर फिरायची. एक घास स्वतः, एक कोंबडीला, एक बकरीला.

"आज मोकळा करतो याले," खुशालराव म्हणाले.

"बाबा, ह्यांना येऊ द्या संध्याकाळी. मग सोडा."

"नितेश काय कुत्र्याचा डॉक्टर हाय?" त्यांनी साखळीची कडी काढली.

भुऱ्यानं अंग झाडलं, अंगण हुंगलं आणि तो कडुलिंबाखाली जाऊन बसला.

"पाह्य! कसा गरीब बसला. उगीच जीव खात होती माहा."

आरतीनं श्वास सोडला. तेवढ्यात आतून सासूबाईंची हाक आली, "ओवी? ओ बाई, कुठी गेली व ही?"

ओवी मागच्या दारानं निघाली होती. गोठ्याला वळसा घालून ती अंगणात आली. मुठीत भाकरीचा तुकडा. थेट कडुलिंबाकडे.

भुऱ्या उठला.

"भुऱ्या! बस खाली!" खुशालराव हात पुढे करून ओरडले. भुऱ्यानं मान वळवून त्या हाताकडे पाहिलं. ओठ वर गेला, दात दिसले. खुशालरावांचा हात हवेतच थांबला, मग हळूहळू मागे आला.

"आरती," एरवी अख्ख्या शिवाराला ऐकू जाणारा त्यांचा आवाज जेमतेम तिच्यापर्यंत पोचला, "पयू नको. हयूहयू जाय. माह्यं नाही आयकत तो."

आरतीनं न पळता हळूच एक पाऊल टाकलं. भुऱ्याची नजर आता ओवीच्या मुठीवर होती. गुरगुर इतकी बारीक, की लांबून कोणाला तो लाडात आलाय असं वाटावं.

ओवीलाही तसंच वाटलं. तिनं हात आणखी पुढे केला.

"घे नं," ती म्हणाली. "तिखट नाही लावलं."