नात्याचा रकाना

‘धवलेरीनं गायल्याबिगर लगीन नाय, अन् लगीन लागल्याबिगर आपली चूल मोडू नको, पोरी.’

आईला जाऊन सतरा पावसाळे झाले, तरी मंगळीला ते बोलणं परसातून हाक यावी तसं ऐकू यायचं. म्हणून गोमाबरोबर चोवीस वर्षं नांदूनही डोंगराकडचं कुडाचं घर तिच्या नावावर होतं, आणि सरावलीतली पत्र्याची खोली गोमाच्या. त्यांच्यात रीतच तशी. आधी संसार मांडायचा. मग कधी हाताशी पैसा आला, की धवलेरीला बोलावून, तिच्या गाण्यांवर लगीन लावायचं. कुणाचं पोर कडेवर घेऊन लागायचं, कुणाचं पोराच्या लग्नाच्या आदल्या दिवशी. या दोघांना पोर झालं नाही. त्यामुळे घाई करणारंही कुणी नव्हतं.

आज दोघं पालघरच्या रजिस्टर कचेरीबाहेर रामकिसनच्या टेबलापुढे उकिडवी बसली होती. रामकिसन दस्त लिहून द्यायचा. गोमाला आपली खोली मंगळीच्या नावावर करायची होती. त्याचा पुतण्या चिंतू दोनदा दारात उभा राहून बोलून गेला होता, “काका डोळं मिटल, त्या दिशी मंगळी डोंगरात.”

रामकिसनने चष्मा पुसला. “बाबा, घेणारीचं नातं काय लिहू?”

गोमा जमिनीवरची काडी मोडत राहिला.

“बायको ना?”

“लगीन नाय लागलं.”

“चोवीस वर्षं मग काय लपंडाव खेळलात?” रामकिसनने मान हलवली. “हे बघा, बायकोला बक्षीस दिलं तर स्टॅम्प थोडका लागतो. परक्या बाईला दिलं, तर विकल्यासारखा पुरा. तुमची घरं दोन, आडनावं दोन. सरकारच्या लेखी तुम्ही म्हणजे एका एस्टीतले दोन पॅशिंजर.”

मग त्याने पुऱ्या स्टॅम्पचा आकडा सांगितला.

गोमाने कमरेची पुरचुंडी सोडली. मंगळीने ती ओळखली. बोईसरच्या कारखान्यात गोण्या वाहून त्याने पाच वर्षं ती बांधत आणली होती. धवलेरीचं लुगडं, गावजेवणाचा तांदूळ, ताडी, सगळं तिच्यात होतं. यंदा माघात लगीन नक्की, असं तो दिवाळीपासून म्हणत होता. त्याने नोटा मांडीवर ठेवल्या. पुरा स्टॅम्प घेतला, तर पुरचुंडीचं नुसतं फडकं उरणार होतं.

रामकिसन टेबलावरून वाकला. “अहो, बायको लिहितो की. मांडवातला फोटो इथं कोण मागतंय?”

गोमाचा चेहरा उजळला. तो मंगळीकडे वळला. “लिवू दे बायको. पैसा वाचल. माघात ह्याच पैशात लगीन लावू. आजचं खोटं म्हयन्याभरात खरं व्हईल. काय?”

मंगळीला काहीतरी वाटायला हवं होतं. आनंद नाही, तर निदान राग. तिने आत चाचपून पाहिलं, कणगीच्या तळाशी हात फिरवावा तसं. दाणा लागला नाही. समोर एक बाई कचेरीच्या पायरीवर बसून शेंगा सोलत होती. मंगळी तिच्या हातांकडे बघत राहिली.

“मावशी, बोला लवकर. साहेब जेवायला उठतील.”

“परकी लिवा,” मंगळी म्हणाली.

रामकिसन हसला. “नवऱ्यावरचा राग स्टॅम्पवर काढू नका, मावशी. सरकारला कशाला पोसताय?”

“राग नाय, भाऊ. लिवा.”

रामकिसनने गोमाकडे पाहिलं. गोमा मांडीवरच्या नोटा सारख्या करू लागला. मग रकान्यात बारीक अक्षरांत काहीतरी उमटलं, आणि त्याने हात पुढे केला. गोमाने नोटा दिल्या. मोजून दिल्या नाहीत. रिकामं फडकं हातात तसंच राहिलं.

“मंगळी,” तो हळू म्हणाला, “आता माघात लगीन कशानं लावायचं?”

तिने त्याच्या हातातलं फडकं घेतलं, झटकलं, चौघडी करून पदरात खोचलं.

“तुज्यासंगं ऱ्हायाचं, ते मी ऱ्हातेच हाय,” ती म्हणाली. “पन लगनाची वाट बघायची मी सोडली, गोमा. लय सालं झाली. बायको लिवलं असतं, तर ते खोटंच ऱ्हायलं असतं. तू पैसा जोडीत व्हतास, म्हनून बोलले नाय.”