चोवीस तासांची परीक्षा

“त्या माणसाला दारातूनच हाकलायला हवं होतं,” सातुर्नीनो मास्तर खेकसले.

“कोणत्या कारणानं?” कॅथीड्रलचे डीन, म्हणजे तिथले मुख्य धर्मगुरू, तपकिरीची चिमूट नाकात कोंबत म्हणाले. “अर्ज वेळेत आलाय. कागदपत्रं चोख आहेत.”

“माणूस चोख नाही ना!”

मोंतालेगाच्या कॅथीड्रलमध्ये मास्तरांनी एकतीस वर्षं संगीतप्रमुखाची गादी सांभाळली होती. आता हात थरथरायला लागले, म्हणून नवा माणूस नेमायचं ठरलं. उमेदवार दोनच, आणि दोघंही त्यांचेच शिष्य. एक फर्मीन अर्रेगी. अगदी गरीब गाय. अकरा वर्षं मास्तरांच्या हाताखाली ऑर्गन वाजवत होता आणि त्यांची प्रत्येक रचना ऐकून डोळे पुसत होता. दुसरा लेआंद्रो सोर्विया. त्यानं विसाव्या वर्षी, भर तालमीत, सगळ्या गायकांदेखत विचारलं होतं, “मास्तर, हेच तुम्ही गेल्या ईस्टरलाही लिहिलं होतं ना?” गायक फिदीफिदी हसले होते. ते हसू नऊ वर्षं मास्तरांच्या पोटात जळत होतं.

पण खरी धास्ती वेगळीच होती. तालमीच्या खोलीतल्या मोठ्या कपाटात मास्तरांच्या चारशे रचना ठेवलेल्या होत्या. त्यातली कोणती गायची आणि कोणती नाही, हे आता नवा प्रमुख ठरवणार. फर्मीन आला तर त्या गायल्या जातील. लेआंद्रो आला तर त्या कागदांत बाजारवाल्या बायका भाजलेले चेस्टनट बांधून देतील, याबद्दल मास्तरांना तिळमात्र शंका नव्हती. बायको नाही, मूलबाळ नाही. जे काही होतं ते त्या कपाटात.

परीक्षेची रीत पूर्वापार चालत आलेली. डीननी मिटलेल्या स्तोत्रग्रंथात चाकूचं टोक खुपसलं. ज्या पानावर टोक थांबलं, त्यावरचंच स्तोत्र दोघांनी स्वरबद्ध करायचं. मग दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत चोवीस तास कोंडायचं. आत पाव, वाइन, कागद आणि शाई. वाद्य नाही. दोघांनी लिहिलेलं एकच लेखनिक पुन्हा उतरवून काढणार, म्हणजे अक्षरावरून कुणी ओळखायला नको. कागदावर नुसता आकडा, नाव लाखबंद पाकिटात. निकाल एकट्या मास्तरांचा, आणि तो एकदा वहीत चढला की पोपसुद्धा बदलू शकत नाही, असं डीन अभिमानानं सांगत.

खोलीत शिरताना लेआंद्रो थांबला, वाकला. “तब्येत बरी आहे ना, मास्तर?”

“तुला पाहीपर्यंत बरी होती.”

“मग मी लवकर आत जातो,” असं म्हणून त्यानं स्वतःच दार लोटून घेतलं.

“मिजास बघा मेल्याची!” मास्तर दाराकडे बघून म्हणाले.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोन्ही उमेदवारांदेखत गायकमंडळींनी दोन्ही रचना गायल्या. पहिलीच्या चौथ्या ओळीत वरचा आवाज खालच्या आवाजांशी चक्क भांडायला उठला. मध्येच सगळे गप्प. मग भलत्याच स्वरावर सगळे एकदम ओरडले. डीनची तपकिरीची डबी हातातच राहिली. मास्तर ताडकन उभे राहिले.

“बस्स! याला स्तोत्र म्हणायचं? हा तर गाढवांचा बाजार आहे! नियम पाळायचे नाहीत, वर तोरा केवढा!”

हा लेआंद्रोच. अंधारातही ओळखला असता.

दुसरी सुरू झाली आणि मास्तरांचे डोळे भरून आले. खालच्या आवाजाची ती संथ चाल, प्रत्येक ओळीनंतरचा तो हळुवार विसावा, शेवटच्या ‘आमेन’वर चारही आवाजांचं एकामागून एक येणं. सगळी त्यांचीच तऱ्हा. ही आपणच कधीतरी लिहिली होती की काय, असं त्यांना क्षणभर वाटून गेलं. अकरा वर्षांत पोरानं किती टिपून घेतलं होतं! बिचारा फर्मीन.

“दुसरी,” मास्तर म्हणाले. “आणि वहीत हेही लिहा, की पहिलीचा कर्ता या देवळात झाडू मारायच्याही लायकीचा नाही.”

“हेही लिहायचं?”

“जसंच्या तसं!”

डीननी लिहिलं. मास्तरांनी सही ठोकली. मग डीननी दुसऱ्या पाकिटाची लाख फोडली, आतला कागद वाचला, पुन्हा एकदा वाचला.

“दुसरी रचना,” त्यांनी घसा खाकरला, “लेआंद्रो सोर्विया.”

मास्तरांनी गर्रकन फर्मीनकडे पाहिलं. अकरा वर्षं डोळे पुसणाऱ्या फर्मीनचे कान लालबुंद झाले होते.

“माफ करा, मास्तर,” तो पुटपुटला. “चोवीस तास एकटाच होतो. राहवलं नाही.”

त्याच्यावर चिडायलाही मास्तरांना उसंत नव्हती. नऊ वर्षं ज्याला शिव्या घातल्या, त्यानंच आपलं संगीत काळजात जपून ठेवलं होतं! आणि आपण काय केलं? एका पोरकट प्रश्नावरून जन्माचं वैर धरलं. लाजेनं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि आनंदानं रडूही फुटलं. चारशेच्या चारशे तरल्या. काठी टेकत ते लेआंद्रोपाशी गेले आणि भर सभेत त्यांनी त्याला मिठी मारली. गायकांनी टाळ्या वाजवल्या. डीननी चष्मा काढून पुसला.

“पोरा, तुझ्याबाबतीत मी साफ चुकलो,” मास्तर म्हणाले. “चोवीस तास माझ्या तऱ्हेनं लिहीत बसलास. किती जीव काढावा लागला असेल तुला!”

लेआंद्रोनं त्यांचा थरथरता हात ओठांना लावला आणि दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाला, “छे हो, मास्तर. तासाभरात झालं. बाकीचा वेळ मस्त झोप काढली.”