साक्षीचा अलार्म

मुरुडच्या साक्षीला बघायला मुलगा आला की तिचा फोन हमखास कोकलायचा. "कंपनीच्या डेटाबेसची दुसऱ्या सर्व्हरवर जाणारी कॉपी थांबली, मला उठावंच लागेल," म्हणत ती पसार व्हायची. अलार्म अर्थातच तिने स्वतः लावलेला असायचा.

आजही तो कोकलला, पण बघायला आलेल्या गणराजने हातातलं शहाळं खाली ठेवलं. "माझंही हेच काम. दाखवा, आत्ता चालू करू."

साक्षीची तंतरली. लॅपटॉप आणायला म्हणून ती आत गेली आणि चांगली चालू असलेली कॉपी तिने खरोखरच बंद केली.

गणराजने स्क्रीनवर कॉपी थांबल्याची वेळ पाहिली. "अलार्म आधी आणि बिघाड नंतर," तो हळूच म्हणाला, "असं पहिल्यांदाच बघतोय."



मग तिच्या आईकडे वळून मोठ्याने म्हणाला, "काकू, बिघाड मोठा आहे. मला पुढच्या रविवारीही यावं लागेल."