फुग्यावरची भांडी

फुलवाल्यांनी टाकून दिलेल्या कोमेजल्या फुलांचा लगदा करून डिझायनर वहिनी तो फुग्यावर थापायची. वाळला की फुगा सुईनं फोडून ओढून काढायची. उरायचं ते पोकळ भांडं, आतून अगदी गुळगुळीत.

आज नणंदेनं सहज एका भांड्याच्या चिमुकल्या तोंडातून टॉर्च मारला. "वहिनी, आत बोटांचे ठसे कसे गं उमटवलेस?"

"काहीतरीच तुझं! माझी करंगळीसुद्धा आत जात नाही."

वहिनीनं वाकून पाहिलं. पाच बोटांचे ठसे, आतून बाहेर रेटलेले.

शेजारचं भांडं अजून ओलंच होतं. आतला फुगा शाबूत आहे ना, हे पाहायला तिनं वरून अलगद तळवा टेकवला.

आतून कुणीतरी बोटाला बोट जुळवलं.