सिरिलचा गुडघा

सिरिलचा गुडघा दुखतो म्हणून त्याच्या बायकोने, एनिडने, वर्षभर बहिणीकडे जायचं टाळलं होतं. घरात हा अडुसष्ट वर्षांचा घोडा जिन्याच्या दोन पायऱ्या चढला तरी सात गावांना ऐकू जाईल असा कण्हायचा. शनिवारी मात्र पॅड बांधून गावच्या मैदानावर हजर! तिथे रनर मागून घ्यायचा. म्हणजे फटका याने हाणायचा आणि धावायचं दुसऱ्याने.

आज शेवटची जोडी खेळत होती आणि जिंकायला दोनच धावा हव्या होत्या. सिरिलने चेंडू कसाबसा ढकलला आणि रनर आहे हे विसरून स्वतःच हरणासारखा सुसाट सुटला. यष्टिरक्षकाने हसत हसत याच्या मागचे स्टंप उडवले; रनर घेतलेल्याने स्वतःच क्रीज सोडली तर तो बाद, असा नियमच आहे. सामना गेला.

एनिड खेळाडूंचे चहाचे कप विसळत होती. सिरिल धापा टाकत आला. "माझ्यामुळे हरलो गं! आता गावाला काय तोंड दाखवू?"

"तोंडाचं राहू दे, पाय बघितले सगळ्यांनी." तिने हात पुसले. "मी बहिणीकडे निघाले. महिनाभर येत नाही."

"अगं, मग घरातलं कोण बघणार?"

"आत्ता धावला ना, तो."